वायरमनच्या अंगावरच्या कपड्यांत गिऱ्हाईक काय बघतं

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आयटीआयला वायरमन ट्रेड केला, चार वर्षं एका कॉन्ट्रॅक्टरकडे राबलात, आता दीड वर्षापासून पिंपरी-चिंचवडमध्ये स्वतःची कामं घेताय आणि हाताखाली एक मुलगा आहे. सोसायटीच्या गेटवर वॉचमन तुम्हाला थांबवून ठेवतो आणि अ‍ॅपवरून आलेल्या टी-शर्टवाल्याला लगेच आत सोडतो. वर त्याला सांगेल ते पैसे मिळतात, तुमच्याशी मात्र पंखा लावायच्या पन्नास रुपयांवरून घासाघीस होते. दहा हजार रुपये बाजूला काढलेत. त्यात दोघांचा गणवेश शिवावा की चांगलं ड्रिल मशीन घ्यावं, हे ठरत नाहीये. वडील म्हणतात, हातात कसब असलं की कपडे कोण बघतंय.

मी पुण्यात सव्वीस वर्षं घरगुती वायरिंगचं काम करतोय, आज माझ्या हाताखाली तीन मुलं आहेत. कपड्यांवर खर्च कराच, असं मी सांगेन. पण सगळे दहा हजार त्यात घालू नका, आणि नुसता रुबाब दिसावा म्हणून तर अजिबात घालू नका. या बाबतीत मी स्वतः बरीच वर्षं चुकीचा विचार करत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वडिलांचं म्हणणं घेऊ, कारण ते खोटं नाही. माझे वडील गाडगेबाबांचं उदाहरण द्यायचे. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडग्याचं खापर, तरी कीर्तनाला गावंच्या गावं लोटायची. खरंय. पण बाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे. दिवसभर माणूस काय करतोय ते सगळ्या गावानं डोळ्यांनी बघितलेलं असायचं आणि मग रात्री तेच लोक कीर्तन ऐकायला बसायचे. आपलं काम भिंतीच्या आत असतं. गीझरच्या पॉइंटला चार स्क्वेअरची जाड वायर ओढली की अडीचची बारीक, बोर्डात जोड नीट कनेक्टरमध्ये दिला की नुसता पिळून टेप गुंडाळली, अर्थिंगची वायर खरंच पोचवली की सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे काहीच नाही, हे घरच्यांना कधी दिसत नाही. प्लेट बसवली, चार स्क्रू आवळले की पुढची दहा वर्षं ते झाकलेलं. तुमचा हात चांगला आहे हे कळायला त्यांच्याकडे काही साधनच नसतं. मग जे दिसतं त्याच्यावरूनच ते अंदाज बांधतात: शर्ट, नखं, हातातली पिशवी, बेल किती वेळा दाबली. यात त्यांचा दोष नाही. डॉक्टरकडे गेल्यावर आपणही तेच करतो.

आता ते नेमका कसला अंदाज बांधतात? मला आधी वाटायचं की हा कारागीर हुशार आहे का, हे ते बघतात. तसं नसतं. हा माणूस माझ्या घरात नीट वागेल का, घराची नासधूस करणार नाही ना, एवढंच त्यांना बघायचं असतं. मला हे समजलं ते एका प्रसंगातून.

साधारण २००३ची गोष्ट. सकाळपासून एका साइटवर वायरिंगसाठी भिंतीत झिरी मारत होतो. कटर मशीननं वीट आणि प्लास्टर कापलं की काय उडतं ते तुम्हाला माहीत आहे. केसांत, भुवयांत, कानात राखाडी धूळ. तिथूनच एरंडवण्यातल्या एका फ्लॅटवर गीझरचा पॉइंट बघायला गेलो. काकूंनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "एक मिनिट थांबा हं." आतून कागदाची सळसळ ऐकू आली. त्या वर्तमानपत्रं अंथरत होत्या. दारापासून हॉलमधून थेट बाथरूमपर्यंत, एकावर एक कडा ठेवून, दोन पानांमध्ये फट राहू न देता. मी चपला बाहेर काढल्या आणि त्या कागदांवरून चालत गेलो. परत येताना बघितलं तर प्रत्येक पानावर माझ्या पावलाचा पांढरट ठसा होता. काम चाळीस मिनिटांत झालं आणि चोख झालं. काकूंनी एक शब्द न बोलता पैसे दिले, आणि पुन्हा कधी बोलावलं नाही.

मला तेव्हा फार राग आला होता. मला कमी लेखलं, असंच वाटलं. पुढं एक-दोन वर्षांनी आमच्या घरी फरशी बदलायचं काम निघालं. गवंडी सिमेंटनं भरलेल्या पायांनी तडक स्वयंपाकघरात गेला, आणि माझी आई त्याच्यामागं फडकं घेऊन फिरायला लागली. आईचा चेहरा बघितला आणि मला त्या काकू आठवल्या. आईच्या मनात गवंड्याबद्दल काही वाईट नव्हतं. सकाळी पुसलेली फरशी तिला दिसत होती, एवढंच.

तेव्हापासून माझ्या पिशवीत एक जुनी, धुतलेली चादर असते. बोर्डाखाली किंवा पंख्याखाली ती मी स्वतः अंथरतो, घरच्यांनी काही सांगायच्या आत. पहिल्यांदा अंथरली तेव्हा एक आजोबा रद्दीचा गठ्ठा घेऊन उभे होते. चादर बघितल्यावर त्यांनी गठ्ठा गुपचूप परत कपाटावर ठेवला आणि मला विचारलं, "पंखा कुठल्या कंपनीचा घ्यावा हो?" दोन मिनिटांपूर्वी ते माझ्यावर लक्ष ठेवायला उभे होते, आता सल्ला विचारत होते. माझ्या अंगावर त्या दिवशी साधा चौकड्यांचा शर्ट होता, कुठलाही गणवेश नव्हता. पण शर्ट धुतलेला होता आणि मागच्या कामाची धूळ मी जिन्याखाली झटकून आलो होतो.

म्हणून माझा पहिला नियम गणवेशाचा नाही, जादा शर्टाचा आहे. पिशवीत एक धुतलेला शर्ट, एक पंचा आणि पाण्याची बाटली ठेवा. एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना पाच मिनिटं काढा, तोंड-हात धुवा, शर्ट बदला. सकाळी नऊ वाजता सगळेच स्वच्छ असतात. दुपारी चार वाजता तिसऱ्या घरी तुम्ही कसे दिसता, यावर गिऱ्हाईक ठरतं. घामाचंही तसंच. उन्हाळ्यात बंद बाथरूममध्ये तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काय जाणवतं याचा विचार करा. आणि गुटखा-मावा खात असाल तर कामाच्या वेळात तरी सोडा. लाल दात आणि खिशातून डोकावणारी पुडी असली की भारीतला भारी गणवेशही वाया जातो.

आता कुठं काय चालतं, ते परिस्थितीवर आहे. नव्या सोसायट्यांमध्ये लोक बहुतेक नोकरीवाले, दिवसा घरी एकटी बाई किंवा म्हातारी माणसं. तिथं ओळख पटणं सगळ्यात महत्त्वाचं, त्यामुळं एकसारखा शर्ट आणि खिशावर नाव याचा उपयोग होतो. पेठांमधले जुने वाडे, दुकानं, जिथं तीन पिढ्या एकमेकांना ओळखतात, तिथं तुम्हाला कोणी पाठवलं यालाच किंमत. तिथं फार टापटीप होऊन गेलात तर 'हा जास्त पैसे लावणार' असं वाटतं. कारखान्यात सेफ्टी बूट आणि हेल्मेट नसेल तर गेटच्या आत घेत नाहीत, तिथं छाप पाडायचा प्रश्नच येत नाही.

खेड्यातली गोष्ट तर अगदीच वेगळी. एकदा शिरूर तालुक्यात एका वस्तीवर विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर बघायला गेलो होतो. अंगात नवा शिवलेला खाकी शर्ट. मोटारसायकल बांधावर लावली, तर शेजारच्या शेतातला माणूस लांब बांबू घेऊन धावत सुटला आणि तारेवरचा आकडा काढायला लागला. ज्याच्याकडे काम होतं तो शेतकरीही माझ्याशी तुटक बोलत होता, "मालक घरी नाहीत" म्हणाला. कोणी पाठवलंय ते नाव सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा सैल झाला, आणि मालक तोच निघाला. त्याला मी वीज मंडळाचा माणूस वाटलो होतो. त्या बांबूवाल्याला घाईत धक्का बसला असता तर काय, हा विचार मला घरी येईपर्यंत सोडत नव्हता. खाकी शब्द 'खाक' म्हणजे धुळीवरून आलाय आणि धूळ झाकायला तो रंग चांगलाच, पण आपल्याकडे खाकी म्हटलं की पोलीस नाहीतर लाइनमन आठवतो. वीज कंपनीचे वाटू असे कपडे खाजगी वायरमननं घालूच नयेत. कोणी फसवणूक करायच्या हेतूनं घालत नसला तरी समोरचा फसतो.

तसेच ते फुकटचे टी-शर्ट. वायर आणि स्विचच्या कंपन्या इलेक्ट्रिशियनचे मेळावे घेतात, तिथं छातीवर मोठं नाव छापलेला टी-शर्ट मिळतो. कापड बरं असतं, म्हणून आपली मुलं तेच घालून कामावर येतात. मग तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता की अमुक कंपनीची वायर घ्या, आणि तुमच्या छातीवर त्याच कंपनीचं नाव. त्यांना वाटणारच की ह्याला कमिशन आहे. तुमचा सल्ला प्रामाणिक असला तरी त्याचं वजन गेलं. ते टी-शर्ट घरी घाला.

आता पायातलं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडे खरी अडचण हीच आहे आणि तिच्यावर कोणी बोलत नाही.

मराठी घरात चप्पल-बूट बाहेर काढायचे, हा नियम सगळ्यांसाठी आहे. आपण तो मोडला तर पहिल्याच पावलाला माणूस मनातून उतरतो. पण आपला धंदा विजेचा आहे. फरशीवर अनवाणी, त्यात बाथरूमची ओली फरशी, आणि हातात बोर्ड. करंटला जमिनीत जायचा रस्ता आपणच मोकळा करून देतो. मी पहिली दहा वर्षं अनवाणी काम केलं. मर्यादा पाळली, पण दोनदा झटका खाल्ला. दुसऱ्यांदा शिडीवरून खाली आलो.

आता मी असं करतो. माझ्याकडे दोन जोड आहेत. बाहेरचा सेफ्टी बूट, आयएस १५२९८ या भारतीय मानकाचा मार्क असलेला, तो साइटवर. दुसरा हलका, रबरी तळव्याचा, बांधायचा बूट, जो फक्त घरांच्या आत घालतो. तो रस्त्याला कधी लागत नाही. वेगळ्या कापडी पिशवीत असतो, आठवड्याला तळवे धुतो. दारात पोचलो की बाहेरचा बूट काढतो, पिशवीतून दुसरा काढून तळवा त्यांना दिसेल असा हातात धरतो आणि सांगतो, "ताई, हे फक्त घरात वापरायचे आहेत, बाहेर घालत नाही. लाइटचं काम आहे, पायात रबर लागतं." बहुतेक जण लगेच हो म्हणतात. काही जण वाकून तळवा बघतात, बघू द्या. एखादं सोवळ्याचं घर असेल, किंवा बोर्ड देवघराशेजारी असेल, तर बूट नाहीच. मग मी रबरी मॅटचा तुकडा वापरतो. इलेक्ट्रिकल मॅट, आयएस १५६५२ची, बाजारात मिळते. ती अंथरून तिच्यावर उभा राहतो.

प्लॅस्टिकचे बुटावर चढवायचे मोजे काही जण वापरतात. दिसायला छान दिसतात, पण गुळगुळीत टाइल्सवर घसरतात. ते घालून शिडीवर तर पाय ठेवू नका. आणि बूट-मॅट यांतलं काहीही मेन बंद करायला पर्याय नाही. आधी एमसीबी, म्हणजे लाइन तोडणारा खटका, पाडायचा, मग मल्टिमीटरनं खात्री करायची, नुसत्या टेस्टरवर विसंबायचं नाही. बूट ही त्यानंतरची गोष्ट.

मोज्यांकडेही लक्ष द्या. दारात बूट काढल्यावर अंगठा बाहेर आलेला मोजा आणि त्याचा वास, ही गोष्ट गिऱ्हाईक कधी बोलून दाखवत नाही. मी मुलांना सहा-सहा जोड घेऊन दिलेत.

कापडाचं सांगतो. स्वस्तातले गणवेश बहुतेक पॉलिस्टरचे किंवा टेरिकॉटचे असतात. इस्त्री मोडत नाही, पावसाळ्यात लवकर वाळतात, म्हणून दुकानदार तेच पुढं करतो. पण डीबीमध्ये, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीत, शॉर्ट होऊन भडका उडाला तर पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. माझ्या ओळखीच्या एका वायरमनची बाही अशीच मनगटाला चिकटली होती, जखम भरायला फार दिवस गेले. सुती कापडही जळतं, पण वितळून चिकटत नाही, झटकून काढता येतं. म्हणून मी ड्रिल नावाचं जाड सुती कापडच वापरतो. याला एक अपवाद आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं अ‍ॅसिड सुती कापडाला खातं. त्या दिवशी काही कळत नाही, एक-दोनदा धुतलं की चाळणीसारखी भोकं पडलेली दिसतात. तिथं पॉलिस्टर जास्त टिकतं, पण म्हणून कपडे बदलू नका, बॅटरीच्या कामाला रबरी एप्रन आणि हातमोजे ठेवा. भोकं पडलेला शर्ट मात्र त्या दिवसापासून कामावर घालायचा नाही.

रंग मधला राखाडी घ्या. नेव्ही ब्लू दुकानात रुबाबदार दिसतो, पण पीओपी आणि सिमेंटची धूळ त्याच्यावर पांढरीशुभ्र उठून दिसते. काळ्यावर तर विचारूच नका. पांढऱ्याचाही एक अनुभव आहे. माझ्याकडचा एक मुलगा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट आणि सेंट मारून कामाला आला. घरातल्या बाईंनी त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि विचारलं, "कारागीर किती वाजता येणार आहेत?" तो कामाला हात घालेल असं त्यांना वाटलंच नाही. कपड्यांवरून तुम्ही काम करणारा माणूस आहात हे दिसायला हवं. दोन-चार जुने, धुवूनही न जाणारे डाग असले तर मी ते वाईट मानत नाही. कालचा मळ आणि दोन वर्षांपूर्वीचा डाग यांतला फरक लोकांना बरोबर कळतो.

मापाचं बोलायला थोडं अवघड वाटतं, पण बोललं पाहिजे. आपलं निम्मं काम वाकून किंवा हात वर करून असतं. आखूड टी-शर्ट आणि खाली सरकणारी जीन्स घालून कोणी सिंकखाली वाकला की मागं उभ्या असलेल्या बाईला तिथून निघून जावं लागतं. ती तुम्हाला काही म्हणणार नाही, पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावेल. शर्ट चार बोटं लांब शिवा, पॅन्ट कंबरेवर बसणारी घ्या, पट्टा लावा. छातीचा खिसा झाकणाचा हवा, नाहीतर टेस्टर वाकताना टाकीत पडतो. बाहीची बटणं लावलेली ठेवा, ड्रिल मशीनजवळ सैल बाही नको. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढून पिशवीत ठेवा. बॅटरी बारा व्होल्टची म्हणून लोक निर्धास्त असतात, पण दोन टर्मिनलमध्ये अंगठी अडकली तर क्षणात लालभडक होते, बोट भाजतं.

आता मूळ दुखण्यावर येतो: वॉचमन आणि घासाघीस. इथं मला तुमची थोडी निराशा करावी लागेल. नुसता शर्ट शिवून हे दोन्ही सुटणार नाही.

अ‍ॅपवाल्याचा टी-शर्ट का चालतो याचा विचार करा. गिऱ्हाइकानं फोनवर आधीच दर बघितलाय, येणाऱ्याचं नाव आणि फोटो बघितलाय, आणि काम बिघडलं तर तक्रार कुठं करायची हे त्याला माहीत आहे. टी-शर्ट हा त्या सगळ्याची खूण आहे. मुंबईच्या डबेवाल्यांचं बघा. १८९०पासून ही डबे पोचवायची पद्धत चालू आहे, आणि डोक्यावर पांढरी टोपी दिसली की गर्दीतली माणसं वाट करून देतात. तीच टोपी बाजारातून आणून आपण घातली तर कोण वाट देईल? टोपीच्या मागं रोज वेळेवर पोचलेला डबा आहे. तुमच्या शर्टाच्या मागं काय आहे, ते तुम्हाला तयार करावं लागेल.

मी काय केलं ते सांगतो. दरपत्रक एका पानावर छापून घेतलं: पंखा बसवणं, ट्यूब, नवा पॉइंट, एमसीबी बदलणं, नुसतं येऊन बघायचे पैसे. फोन आला की आधी ते पाठवतो, मग जातो. घासाघीस करायची ती फोनवरच होते, दारात होत नाही. काम झालं की छापील बिल, त्यावर नाव, नंबर, आणि केलेल्या कामाची दोन ओळींत नोंद. वायरमनच्या परवान्याची प्रत लॅमिनेट करून पिशवीत ठेवली आहे. तुमच्याकडे परवाना नसेल तर गणवेशाच्या आधी तो काढा. या गोष्टी झाल्यावर मी शर्टाच्या खिशावर नाव भरतकाम करून घेतलं, आणि तेव्हा त्याचा उपयोग झाला. पूर्वी लोक 'लाइटवाला आलाय' म्हणायचे, आता आतल्या खोलीत आवाज देताना माझं आडनाव घेतात. दर त्यामुळं वाढले का? पहिल्या वर्षी नाही. तेच लोक पुन्हा बोलवायला लागले आणि शेजाऱ्याला नंबर द्यायला लागले, हा फरक मला लवकर दिसला.

वॉचमनशी भांडू नका. बाहेरच्या माणसाला विचारल्याशिवाय सोडलं तर त्याचा पगार कापतात. ज्या सोसायटीत तीन-चार घरं तुमची आहेत तिथल्या सेक्रेटरींना एकदा भेटा, परवाना आणि आधारची प्रत द्या, रजिस्टरला नाव लावून घ्या. गेटवर दरवेळी कोणाकडं, कशाला, किती वेळ हे स्वतःहून सांगा.

आणि एक गोष्ट लिहायला नको वाटतं, पण तुम्ही तरुण आहात म्हणून लिहितो. काही घरांत तुम्ही कितीही स्वच्छ गेलात तरी पाणी वेगळ्या ग्लासात येतं, किंवा आडनाव ऐकल्यावर आवाज बदलतो, किंवा सामानाच्या लिफ्टनंच यायला सांगतात. त्याचा तुमच्या शर्टाशी काही संबंध नसतो. आपलंच काहीतरी कमी पडलं, असं मनाला लावून घेऊ नका. तशा घरचं हातातलं काम मी नीट पूर्ण करतो, पैसे घेतो आणि पुढच्या वेळी वेळ नाही म्हणून सांगतो.

हाताखालच्या मुलाचं राहिलं. गिऱ्हाईक तुमच्याआधी त्याच्याकडं बघतं. तुम्ही बोलत असता, तो मागं उभा असतो, आणि सगळे जण त्यालाच न्याहाळत असतात. मालक टापटीप आणि पोरगं फाटक्या बनियनवर असेल तर लोक तुमच्याबद्दल काय समजायचं ते समजतात. त्याला तुमच्यासारखेच, त्याच कापडाचे कपडे द्या, आणि त्याचे पैसे त्याच्या पगारातून कापू नका. आमच्याकडे खंडेनवमीला पक्कड, ड्रिल, मीटर मांडून पूजा होते, तेव्हा मी मुलांना वर्षाचे कपडे देतो. हत्यारांच्या शेजारी घडी घातलेले शर्ट ठेवलेले असतात. एक मुलगा तो शर्ट पहिल्यांदा आईला दाखवायला घरी घेऊन गेला होता. तेव्हापासून त्याच्या कामात जो फरक पडला तो मी बघितलाय. हत्यार फेकून ठेवणं बंद झालं, चादर न सांगता अंथरायला लागला.

तर तुमच्या दहा हजारांचं मी असं करीन. दोघांना तीन-तीन शर्ट आणि दोन-दोन पॅन्ट, सुती ड्रिल, गल्लीतल्या टेलरकडून. पाच-साडेपाच हजारांत बसावं. घरातल्या वापराचे रबरी बूट दोन जोड आणि मोजे, हजार-बाराशे. दरपत्रक, बिलबुक, खिशावरची नावं यांत हजारेक. चादर घरातलीच एखादी जुनी घ्या. उरलेल्या पैशांत आधी चांगला मल्टिमीटर घ्या. ड्रिल मशीन दोन महिन्यांनी घेतलंत तरी चालेल, तोवर मोठ्या कामाला भाड्यानं मिळतं. बॅटरीची कामं घेत असाल तर रबरी एप्रन मात्र लांबणीवर टाकू नका.

कापड टेलरकडं टाकायच्या आधी घरी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्या. सुती ड्रिल पहिल्या धुण्यात आटतं, आणि मग ती चार बोटं वाढवलेली लांबी त्यातच जाते.